वाचक विचारतात : आठवड्याला तीन दिवस सोलापूर, आणि गाई घरी

प्रश्न : आमच्या मित्राला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी सोलापूरला जावं लागतं. वहिनी सोबत जातात. घरी दोन संकरित गाई आहेत. आम्ही तिघं मित्र पाळीपाळीनं धार काढतो, पण दूध कमी झालंय आणि एका गाईचं सड टणक लागतंय. भेटायला जाताना शहाळी नाहीतर डाळिंबं नेतो. अजून काय करता येईल?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : आधी पाळ्या बंद करा. गाय हात ओळखते. रोज नवा माणूस कासेला बसला की ती पान्हा चोरते. तिघांपैकी एकानंच धारेचं काम घ्यावं आणि पहिले चार-पाच दिवस वहिनी घरी असतानाही त्यांच्या शेजारी बसून धार काढावी. वेळ वहिनींचीच पाळा. पुढ्यात आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) ठेवून कास कोमट पाण्यानं धुतली, पुसली की पान्हा सुटतो, तो जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात अंगठा न दुमडता पूर्ण मुठीनं कास रिकामी व्हायला हवी. मधेच फोन घ्यायला उठलात तर दूध कासेत राहतं आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, धरायला तेवढं पुरतं.

टणक सडाची शंका आजच फेडा. पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. ती गाय शेवटी पिळा आणि तिचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये मिसळू नका. धार झाल्यावर गाईंपुढे वैरण टाका. सडाची तोंडं मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या पाहिजेत.

दुसऱ्यानं वैरण-पाणी बघावं. दुभत्या संकरित गाईला दिवसाला साधारण २०-२५ किलो हिरवी वैरण, ५-६ किलो कडब्याची कुट्टी, अंगासाठी दीड-दोन किलो आंबोण आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे ४०० ग्रॅम असा हिशोब असतो. पण त्या घरचा जो हिशोब असेल तोच चालवा. मदतीला आलेला माणूस मायेनं पेंड वाढवतो आणि गाईचं पोट बिघडवतो! वहिनींना विचारून माप गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

तिसऱ्यानं गाडी धरावी. डायलिसिस चार तास चालतं. उठल्यावर रक्तदाब उतरू शकतो, चक्कर येते, म्हणून परतीला मित्राच्या हातात मोटरसायकल देऊ नका. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी) केला असेल त्या हातानं पिशवी उचलायची नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, घट्ट बाही किंवा घड्याळ नको. वाटेत सुईच्या जागेतून रक्त आलं तर स्वच्छ कापड बोटानं नेमक्या जागी दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून गाडी मागे वळवा.

आता शहाळ्यांचं. शहाळं आणि डाळिंब दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. दोन डायलिसिसमधलं अंतर जास्त असतं त्या दिवशी धोका सर्वांत मोठा. केळी, नारळपाणी, फळांचे रस, आणि खारट शेंगाचटणीसुद्धा घरीच ठेवा. न्यायचंच तर एखादं सफरचंद, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. पाण्याचं बंधन तर आणखी कडक असतं. सोलापूरच्या उन्हात ते पाळणं म्हणजे परीक्षाच. 'अर्धा कप घे की' हा आग्रह त्याच्या दिवसाच्या मापातून वजा होतो, म्हणून त्याच्यासमोर बसून तुम्हीही चहा घेऊ नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

प्रश्न : माझ्या बालमैत्रिणीचे यजमान रात्री गव्हाला पाण्याची दारं धरताना साप चावून गेले. दहा दिवस झाले. ज्वारी काढणीला आलीय, ती अजून बोलतही नाही. कागदपत्रांत मी तिला कशी मदत करू?
— एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : आधी तिच्या सहीला जपा. दहाव्या-तेराव्याला पाहुणे जमतात तेव्हाच हक्कसोडपत्राचा, म्हणजे जमिनीतला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, विषय निघतो. 'वारस नोंदीचाच कागद आहे' म्हणून पुढे केलेलं काहीही दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय तिनं सही करू नये. वारस नोंदीला स्टॅम्पपेपर घेऊन धावावं लागत नाही. तलाठ्याकडे कळवायला तीन महिने असतात.

घाई दुसऱ्या गोष्टींची आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. मृत्यू सोलापूरच्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिथेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या आणि नाव आधार, सातबारा व पासबुकाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश बसतो. रक्कम २ लाख रुपये आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा, म्हणजे तुमच्या हातात वीस दिवस आहेत. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल पोलीस ठाण्यातून मागून घ्या. सोबत यजमानांचं पासबुक उघडून मे महिन्याच्या अखेरीस ४३६ किंवा २० रुपये कापले गेलेत का ते पाहा. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विमा, २० म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा, प्रत्येकी २ लाख. दावा बँकेतच करायचा. त्यांच्या एटीएम कार्डावर मात्र कुणी पैसे काढू नका.

ज्वारीसाठी इर्जिक घाला, म्हणजे गावातल्या माणसांनी मिळून बिनमजुरी काढणी करा. दाण्याच्या बुडाला काळा ठिपका दिसला की काढणीला हरकत नाही. एरवी इर्जिकीला जेवण घरधनी घालतो, इथे भाकऱ्या प्रत्येकानं आपल्या घरून आणायच्या. कडबा बांधून गंजी लावा. दारात आलेल्या व्यापाऱ्याला तो पडत्या भावात देऊ नका.

प्रश्न : आजारी मित्र सारखं म्हणतो, 'मी ओझं झालोय.' विषय बदलावा का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : बदलू नका. एकांतात सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या एका माणसाला सांगा आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी तुमच्या घरी नेऊन कुलपात ठेवा. फवारणीला लागतील तेवढीच मोजून आणा, उरलेली परत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच लावून त्याच्या हातात दिलात तरी चालेल.