मोंढ्यातली मांजर आणि तिची दोन पिल्लं घरात आणलीत, तर पुढं काय

भाऊ, आधी एक सांगते, चौथ्याच दिवशी मांजर फिसकारायलीय म्हणजे तुमचं काही चुकलं असं अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की लातूरच्या मोंढ्यात गोदामामागं व्यालेली मांजर आणि तिची दीड महिन्याची दोन पिल्लं घरी आणली, आई रात्रभर दार ओरबाडते, पिल्लं कपाटामागून निघत नाहीत, मिसेसना पाचवा महिना आहे म्हणून शेजारचे सोडून या म्हणायलेत, आणि तुमच्या आई माळकरी आहेत त्यामुळं घरात मांस-मासळी चालत नाही. मी परभणीची. ११ वर्षं झाली बाहेरची मांजरं घरात घेतेय, आत्ता चार आहेत.

माझं मत सरळ सांगते. पिल्लं ठेवा. पिल्लांच्या आईचं नसबंदीचं ऑपरेशन करा आणि बहुतेक तिला मोंढ्यातच परत सोडावं लागेल, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

बहुतेक म्हणतेय, कारण बाहेरची सगळी मांजरं सारखी नसतात. एखादी कोणाच्या तरी घरातली असते, घर बदललं, टाकून गेले, अशी. ती सुरुवातीला घाबरते पण आठ-दहा दिवसांत रात्री सगळं शांत झालं की बाहेर येते, तुमच्यासमोर जेवते, शेपूट वर करते. दुसरी जन्मापासून माणसाचा हातच न लागलेली. ती कोपऱ्यात जमिनीला चिकटून बसते, कान चपटे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि तुम्ही खोलीत असेपर्यंत घास तोंडात घेत नाही. म्हणून अजून दोन आठवडे बघा. तोवर तिच्या मागं लागू नका, डोळ्यात डोळे घालून बघू नका, खोक्याला एका बाजूनं दार कापून त्यात जुनी साडी टाका आणि तिला त्यात लपू द्या. पलंगाखालून काठीनं हुसकावणं तर नकोच. फक्त खाण्यावर लक्ष ठेवा, मोठी मांजर दोन दिवस काहीच खाईना तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा, उपाशी राहून त्यांच्या लिव्हरला धोका होतो.

मी एकदा हट्ट केला होता. भुरी म्हणून एक होती, पत्र्याच्या शेडमधली, तीन-चार वर्षांची तरी असेल. मला वाटायचं प्रेम केलं की होईल, पाच महिने खोलीत ठेवली तिला. ती चाटून चाटून पोटावरचे केस काढायची, कातडी दिसायला लागली, तरी मी आज ना उद्या करत राहिले. शेवटी ऑपरेशन करून, टाके वाळल्यावर त्याच शेडमध्ये सोडली. मग चार वर्षं रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास भिंतीवर येऊन बसायची, ताट ठेवून मी मागं सरकले की जेवायची. हात एकदाही लावू दिला नाही. पोटावर केस मात्र परत आले. ते पाच महिने मी तिच्यावर लादले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून सांगतेय.

पिल्लांचं उलट आहे, तिथं घाई करायची. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं, त्यानंतर भीती पक्की व्हायला लागते. तुमची सहा आठवड्यांची, म्हणजे येणारे दहा-पंधरा दिवस सोन्यासारखे आहेत. (वय नक्की नसेल तर डोळे बघा, निळे असतात ते साधारण सहा-सात आठवड्यांनी बदलायला लागतात.) ती स्वतःचं खात असतील तर दिवसातले काही तास आईपासून वेगळी काढा, कारण ती फिसकारली की पिल्लंही तेच शिकतात. मोठ्या खोलीत सोडू नका, कपाटं-पलंग नसलेली छोटी जागा, न्हाणी चालेल. कपाटामागं लपायला जागा आहे तोवर माणसाची सवय लागायचीच नाही. तुम्ही खाली फरशीवर बसा, मोबाईल बघत बसलात तरी चालतं, मोठ्यानं वाचा, गाणं लावा. खाणं चमच्यानं द्या, पहिल्या दिवशी लांबून, मग जवळून, मग मांडीवर. ताट ठेवून निघून जायचं नाही, खाणं तुमच्या हातूनच आलं पाहिजे. हात वरून नेऊ नका, घारीसारखा वाटतो त्यांना, बाजूनं न्या आणि आधी गाल, हनुवटी. जास्तच लाजाळू असेल त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आणि मिसेस सोडून घरातल्या प्रत्येकानं हे करायचं (त्यांचं खाली सांगते), नाहीतर ते फक्त तुमचं होतं आणि पाहुणा आला की दोन दिवस गायब.

यात कोणाला चावा बसला किंवा नख लागून रक्त आलं तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची, तिथं फुकट मिळते. लहान पिल्लूच आहे, त्याला काय असणार, असं म्हणून सोडू नका.

आता मिसेसचं, कारण खरी काळजी तीच आहे तुमची. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, आणि गरोदरपणात तो बाळाला धोक्याचा हेही खरं. पण मांजर तो जंतू साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर दोन-तीन आठवडे टाकते, आणि विष्ठेत पडल्यावर त्याला लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या शी-शूचा माती भरलेला ट्रे रोजच्या रोज साफ करायचा आणि तो तुम्ही करायचा, मिसेसनी ट्रेला हात लावायचाच नाही. त्यांना ही पिल्लं मोठी होईपर्यंत खेळवायला वगैरे देऊ नका, हात धुणं कडक ठेवा. मळ्यातली कोथिंबीर, मेथी, काकडी न धुता खाल्ली तरी हा जंतू पोटात जातो, ते कोणी सांगत नाही. त्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरात मांजर आहे हे मोकळेपणी सांगा, वाटलं तर त्या रक्ताची तपासणी लिहून देतील. मांजर सोडून येण्याची गरज मला यात दिसत नाही, शिस्त मात्र लागणार.

आईंचा प्रश्न मला जवळचा, माझ्या सासूबाईपण माळकरी होत्या. मांजराला दूध-भाकरीवर ठेवता येत नाही हो. टॉरिन म्हणून एक घटक लागतो त्यांना, तो मांस-मासळीतच मिळतो, नाही मिळाला तर हळूहळू नजर जाते, हृदय कमजोर होतं. शिवाय दुधानं बऱ्याच मांजरांना जुलाब लागतात. मग आम्ही मांजराच्या खाण्याचं पाकीटच आणायला लागलो, त्याचा डबा, चमचा, ताटली सगळं वेगळं, मागच्या पडवीत, स्वयंपाकघरात त्यातलं काहीच न्यायचं नाही. सासूबाईंना समजावताना मी फक्त एवढंच म्हटलं की हे तिच्या देहाचं अन्न आहे, आपलं नाही. चार महिन्यांनी हरिपाठ म्हणताना मांजर त्यांच्या मांडीवर असायचं. पाकीट मांजराचंच बघा, कुत्र्याचं चालत नाही.

कुत्र्याचं म्हणजे पिसवांची पावडरही नाही. हे मी पैसे मोजून शिकले. दुकानदारानं कुत्र्या-मांजराला एकच म्हणून दिली, मी चोळली, दोन तासांत मांजर थरथरायला लागलं. त्यात परमेथ्रिन होतं, मांजराला ते विष आहे. रात्री डॉक्टरांकडं नेलं म्हणून वाचलं. तसंच क्रोसिन किंवा कुठलीही पॅरासिटामॉल, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. फरशीला फिनाईल बंद करा, पाय चाटतात ते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही उचला.

लस पहिली आत्ताच द्या, तीन रोगांवरची ट्रायकॅट मिळते, मग दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांची होईपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. उलट्या, जुलाब, एकदम मलूल, असं दिसलं की त्याच तासाला न्या. पॅनल्यूकोपेनिया नावाचा मांजरांचा रोग लहान पिल्लांना एक-दोन दिवसांतच नेतो, माझी एका आठवड्यात तीन गेलीत. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो, साध्या फरशी पुसण्यानं जात नाही, ब्लीच लागतं (मांजरं दुसऱ्या खोलीत ठेवून, नंतर साध्या पाण्यानं धुवून). म्हणून लस पूर्ण होईपर्यंत तिसरं मांजर आणू नका.

ऑपरेशनचं लांबवू नका. मांजर अंगावर पाजत असतानाही परत गाभण राहते आणि ६३-६५ दिवसांत परत विते. दूध आटलं की लगेच करा. पिल्लांचंही चार-पाच महिन्यांत, मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. आपल्याकडं जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचाच सराव जास्त, त्यामुळं मांजराचं ऑपरेशन नेहमी करता का हे फोनवरच विचारा. तुमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथंही चौकशी करा. आणि भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे परत कोणी तिला ऑपरेशनसाठी पकडणार नाही. नेताना पोत्यात कोंबू नका, भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर उलटे बांधा आणि वर चादर टाका, अंधारात शांत बसतात.

सोडायच्या आधी आडत्याला भेटा. गोदामात उंदराचं औषध टाकतात का विचारा, कारण औषध खाल्लेला उंदीर तिनं खाल्ला की तीही जाते. उंदीर धरणारी मांजर परत मिळणार म्हटल्यावर माझ्या ओळखीच्या दोन आडतवाल्यांनी औषध बंद केलं, पाण्याचं भांडंही हमालांनी ठेवलं.

राहिलं एक, खिडकीतला कूलर. उन्हाळा तोंडावर आहे, बेचाळीस-त्रेचाळीसला कूलर लागणारच, आणि कूलरच्या बाजूला जी फट राहते ना, माझं पहिलं पिल्लू तिथून गेलं ते परत दिसलंच नाही. पुठ्ठा लावू नका, भिजून गळून पडतो. पत्रा किंवा लोखंडी बारीक जाळी ठोका, आणि टाकीवर झाकण घाला, पिल्लं त्यात पडतात. हे काम या रविवारी करून टाका, पिल्लं न्हाणीतून बाहेर काढायच्या आधी.