चुकीच्या पेशंटला इंजेक्शन गेलं, पेशंट ठीक आहे, तरी नातेवाईकांना सांगायचं का?

सांगायचं. आणि आजच सांगा, डिस्चार्जच्या दिवशी फाईल हातात देताना नाही. तुम्ही लिहिलंय की पेशंटला काही झालं नाही, मोठे डॉक्टर म्हणतायत उगाच विषय कशाला काढायचा, आणि तुम्ही नवीन आरएमओ, म्हणजे वॉर्डातले निवासी डॉक्टर, म्हणून गप्प आहात. मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं वॉर्ड इन्चार्ज सिस्टर आहे, तेव्हा वॉर्डात जे बघितलंय त्यावरून सांगते.

आमच्याकडे एकाच वॉर्डात दोन परब आजी ॲडमिट होत्या, एकीला डायबेटीस, दुसरीचं नुसतं हाताचं फ्रॅक्चर. एका संध्याकाळी पहिलीचं इन्सुलिन दुसरीला गेलं. आजींना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, शुगर बघितली तर खूपच खाली, लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि त्या सावरल्या. सरांनी त्याच रात्री मुलाला केबिनमध्ये बसवून सरळ सांगितलं की दुसऱ्या पेशंटचं इन्सुलिन तुमच्या आईला दिलं गेलं, चूक आमची आहे, माफ करा, आता रात्रभर दर तासाला शुगर बघणार आणि याचा एक रुपया बिलात लागणार नाही. मुलगा भडकला, भडकणारच, पण जरा शांत झाल्यावर तोच म्हणाला की मी तिथेच होतो, सिस्टरने दारातून "परब कोण?" असं विचारलं, आईला कमी ऐकू येतं, तिने नुसती मान हलवली. आजींना विचारलं तर म्हणाल्या, "माका वाटला माझाच इंजेक्शन आसा."

ही गोष्ट आमच्या एकाही कागदावर नव्हती. ती सिस्टर इतकी घाबरलेली की तिला काही धड सांगता येत नव्हतं. मुलाला सांगितलंच नसतं तर आम्ही तिला मेमो देऊन फाईल बंद केली असती आणि पुढच्या महिन्यात दोन सावंत आले असते, कारण आपल्याकडे एका वॉर्डात एका आडनावाचे दोघं-तिघं असणारच. त्यानंतर आम्ही नाव आपण घ्यायचं बंद केलं, पेशंटलाच पूर्ण नाव सांगायला लावतो, ते हातातल्या पट्टीवरच्या नंबरशी जुळवतो, इन्सुलिन दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय टोचत नाही, आणि एका आडनावाचे पेशंट शेजारच्या बेडवर ठेवत नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, की लपवायचं ठरवलं की तपासही करता येत नाही. नातेवाईकांना विचारता येत नाही, स्टाफ कुजबुजत राहतो, कोणीतरी चार्ट परत लिहायला घेतं, आणि खरं कारण तिथेच गाडलं जातं.

केसची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. १९९५ पासून डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते, आणि डॉक्टरांनी मागितलेली माफी कोर्टात वापरायची नाही असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे अशा दाव्यांसाठी काढलेला विमा, असेल तर कंपनीला लगेच कळवा, पण त्यांच्या उत्तराची वाट बघत पेशंटला अंधारात ठेवू नका. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू केसमध्ये सांगितलंय. उलट रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं, आणि त्यात खाडाखोड सापडली की मग तुमच्या बाजूने कोण बोलणार? अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलने २००१ पासून स्वतःहून चूक सांगायची, माफी मागायची आणि आपला दोष असेल तर भरपाई द्यायची असं धोरण ठेवलं. २०१० मध्ये त्यांचे आकडे छापून आले, दर १ लाख पेशंट भेटींमागे महिन्याला कोर्टात जाणाऱ्या केसेस सरासरी २.१३ वरून ०.७५ वर आल्या होत्या. त्या काळात मिशिगन राज्यात इतरत्रही दावे कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय या धोरणाचं म्हणता येणार नाही, पण सांगितल्यामुळे केसेस वाढतात हा समज तरी त्यात टिकत नाही.

दुसरी भीती म्हणजे अख्खी वाडी येऊन उभी राहील. म्हणून कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगू नका, पेशंट आणि जवळची दोन माणसं घ्या, बसवा, आणि बोलायचं ते मोठ्या डॉक्टरांनी, तुम्हाला एकट्याला पुढे करून नाही. जे नक्की माहीत आहे तेवढंच सांगा, बाकी तपास करून अमुक दिवशी परत सांगतो म्हणा आणि त्या दिवशी खरंच सांगा. "सिस्टरने घोळ घातला" हे वाक्य तर तोंडातून येताच कामा नये, ती पोरगी त्याच गावात राहते, आणि तिला एकदा असं उघडं पाडलं की पुढची चूक कुठलीच सिस्टर तुम्हाला येऊन सांगणार नाही.

आणि पेशंट पुढे बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला किंवा कोल्हापूरला पाठवायची वेळ आली तर रेफर चिठ्ठीत कुठलं औषध, किती डोस, किती वाजता गेलं ते स्पष्ट लिहा. मी बिनचूक दिसणाऱ्या चिठ्ठ्या जाताना बघितल्यात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण तिकडचा डॉक्टर मग शुगर का पडली, बीपी का पडलं हे शोधण्यात वेळ घालवतो आणि तो वेळ पेशंटचा असतो.

मोठे डॉक्टर तरीही नाहीच म्हणाले तर निदान केस पेपरवर वेळ टाकून खरं लिहा, सही करा, आणि दुसऱ्या दिवशी परत त्यांच्याकडे जा. एकटं जायला जड वाटत असेल तर तुमच्या इन्चार्ज सिस्टरला बरोबर घ्या.