सकाळी थंडीत गाडी लवकर चालू होत नाही, दुपारी मात्र एका सेल्फमध्ये. बॅटरीच बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी आठ वर्षांची, डिझेलची, मुक्काम परभणी. सकाळी सहाला चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो आणि मेकॅनिक म्हणतो, बॅटरी टाका. पैसे सध्या खिशातच राहू द्या. उद्या सकाळी काच खाली करा आणि सेल्फचा आवाज नीट ऐका.

इंजिन जड-जड, घर्रर्र... घर्रर्र करत फिरत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर बॅटरी, अर्थिंगची वायर नाहीतर सेल्फ. आपल्या मराठवाड्यात बॅटरीची वाट लागते ती मे महिन्यात, 42 अंशांच्या उन्हात. डिसेंबरात फक्त तिचं पितळ उघडं पडतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली, तर मेकॅनिकचं खरं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी मात्र आधी गरम पाण्यानं धुऊन, घासून बघा.

पण इंजिन जोमानं फिरतंय आणि तरी पकडत नाही, तर बॅटरीला कशाला दोष द्यायचा? डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. थंडगार इंजिन ती उष्णता शोषून घेतं, म्हणून तर सिलिंडरची आतली हवा तापवायला हीटर प्लग दिलेले असतात. तेच गेले असतील, तर नवी बॅटरी टाकून उपयोग नाही.

माझ्याच गाडीचं सांगतो. दोन हिवाळ्यांपूर्वी असंच झालं आणि एका गॅरेजवाल्याच्या नादी लागून मी नवी बॅटरी टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! चालू झाली की अर्धा मिनिट गाडी थडथड हलायची, पांढरा धूर पार तुळशीपर्यंत जायचा, मग एकदम शहाण्यासारखी चालायची. शेवटी इलेक्ट्रिशियननं हीटर प्लगांना करंट पोचवणारी पट्टी काढून एकेका प्लगला मल्टिमीटर लावला. दोन प्लग साधारण एक ओहम दाखवत होते, दोन काहीच नाही. चारातले दोन मेलेले. तुमच्याकडं तो थरथराट आणि पांढरा धूर आहे का, ते बघा. चारही प्लग चांगले निघाले, तर चावी फिरवल्यावर पट्टीवर करंट येतो का ते टेस्ट लॅम्पनं तपासा; रिले (प्लगांचा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूजही गेलेला असू शकतो.

प्लगही ठीक, करंटही ठीक, तर डिझेल फिल्टरवरचा हातपंप असेल तर सकाळी तो कडक होईस्तोवर दाबा. त्यानंतर गाडी पटकन उचलली, तर रात्रीतून लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टरचं वायसर, पाइपाच्या क्लिपा तपासा.

इंजिनाखाली पेटता कागद धरणारे काका प्रत्येक गल्लीत असतात, त्यांना नमस्कार करून परत पाठवा. हीटर प्लग असलेल्या गाडीत एअर फिल्टरमधून स्टार्टिंग स्प्रे मारणंही तितकंच वाईट. लाल तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टनला मार बसतो.

आणि प्लग बदलायची वेळ आलीच, तर इंजिन कोमट असताना, प्लगच्या बुडाशी गंज सुटायचं तेल घालून, हळूहळू सोडवायला सांगा. जाम झालेला प्लग आत तुटला, तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची पाळी येते. मग बॅटरीचा खर्च स्वस्त वाटेल.