‘मॅडम, माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे’

मी समुपदेशक आहे. समाजशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र या विषयांत संशोधन करणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुधा प्रश्नावल्या भरून झाल्यावर. गावोगाव फिरताना, लोकांशी बोलताना त्यांना कधी अडलेलं नसतं. फॉर्मचे गठ्ठे घरी येतात, ‘प्रकरण चार : विश्लेषण’ समोर उभं राहतं आणि झोप उडते. मग जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य येतं, जे मी वर शीर्षकात दिलं आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य : ‘कुणाकडून तरी पैसे देऊन करून घेऊ का?’

यातल्याच एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात मांडलं आहे.

विषय तिने फार छान निवडला होता : दहावीनंतर खेड्यातल्या मुलींचं शिक्षण का थांबतं? दहा गावं, दीडशे मुली. प्रत्येक घरी ती स्वतः गेली होती. संगणकावर माहिती भरून झाली होती, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोष्टकंही निघाली होती. गाईडनी ‘इंटरप्रिटेशन कुठंय?’ एवढंच विचारलं आणि त्या दिवसापासून तिने ती फाइल उघडली नव्हती.

“गणितात नापास झाली होतीस का कधी?” मी विचारलं.

“नाही. पण भीती वाटते. आकडे दिसले की डोकं बंदच होतं.”

“घरात हिशेब कोण बघतं?”

“आईच्या बचत गटाचा हिशेब मीच लिहायचे. शेकडा दोनने व्याज.”

“कॅल्क्युलेटर घेऊन?”

“त्याला कशाला कॅल्क्युलेटर?” असं म्हणून ती थांबली.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात तो वाढतच गेला आहे. माणसाला प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलची त्याची ठाम समजूत जास्त छळते. या मुलीची समजूत अशी होती : ‘संशोधकाला हे आलंच पाहिजे, पहिल्या फटक्यात आलं पाहिजे, विचारायची वेळ आली म्हणजे मी पीएचडीच्या लायकीची नाही.’ गणिताची भीती ही काही नवी गोष्ट नाही. ती मोजण्यासाठी रिचर्डसन आणि सुइन या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्येच प्रश्नावली तयार केली होती. भीती दाटली की विचार करायला लागणारी जागा काळजीच व्यापून टाकते आणि येत असलेलंही आठवत नाही. म्हणून ‘मला येत नाही’ आणि ‘घाबरल्यावर मला सुचत नाही’ ही दोन वाक्यं मी तिला वहीत वेगवेगळी लिहायला लावली. शेकडा दोनचा हिशेब तोंडी करणारीला पहिलं वाक्य खरं म्हणता येईना.

पण समजूत नुसती बोलून ढळत नाही. तिला काम लागतं. मी तिला लॅपटॉप बंद करून कागद घ्यायला सांगितलं.

समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून देते. एसटी बस येणाऱ्या गावांतल्या मुली 90, एसटी न येणाऱ्या गावांतल्या 60. दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या एकूण 42. त्यातल्या 18 एसटीच्या गावांतल्या, 24 बिगर एसटीच्या.

“काही मिळालंच नाही, मॅडम,” ती म्हणाली. “थांबलेल्यांपैकी 57 टक्के बिगर एसटीच्या आणि 43 टक्के एसटीच्या. जवळजवळ सारखंच आलं.”

“हे 57 टक्के कोणत्या शंभरातले?”

“थांबलेल्या मुलींतले.”

“तुझा प्रश्न काय होता? घरोघरी जाताना मनात काय होतं?”

तिने जरा वेळ घेतला. “एसटी नसलेल्या गावातली मुलगी जास्त थांबते का, हे.”

“मग शंभर कोण धरायच्या?”

मी पुढे काही बोलले नाही. समुपदेशकाने कधी गप्प बसायचं हे मी माझ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं कौशल्य मानते. तिने पेन्सिलने आधीचे टक्के खोडले. साठातल्या चोवीस म्हणजे शेकडा चाळीस. नव्वदातल्या अठरा म्हणजे शेकडा वीस. तिने दोन्ही आकडे पुन्हा एकदा करून पाहिले.

“दुप्पट आहे!” ती म्हणाली. मग तिला एका गावातली एक मुलगी आठवली. कॉलेजला प्रवेश घेऊन, येण्याजाण्याच्या त्रासाने दोन महिन्यांत घरी बसलेली. मग दुसरी आठवली. अर्धा तास ती त्या मुलींबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता कोष्टकाकडे बोट दाखवत होती.

त्या भेटीत जे माझ्या ध्यानात आलं, ते त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. या मुलांना आकड्यांची भीती वाटते ती आकडा माणसापासून तुटल्यावर. चोवीस हा आकडा कोणत्या चोवीस जणींचा, हे पुन्हा दिसलं की भीती ओसरते. म्हणून कोणताही टक्का दिसला की आधी विचारायचं : शंभर कोण? ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा आहे, तिचा एकेक गट शंभर धरायचा आणि मग गटागटांची तुलना करायची. संगणक कोष्टकाच्या एका चौकोनात तीन प्रकारचे टक्के देतो : आडव्या ओळीतले, उभ्या रकान्यातले आणि एकूण संख्येतले. त्यातला कोणता तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे त्याला माहीत नसतं.

सरावासाठी मी तिला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं महाराष्ट्राचं पत्रक दिलं. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 18 वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण 21.9 टक्के आहे. 2015-16 च्या चौथ्या फेरीत ते 26.3 टक्के होतं. “शंभर कोण?” मी विचारलं. तिने बारीक अक्षरातली ओळ शोधली : 20 ते 24 वयाच्या स्त्रिया. म्हणजे हा आकडा आज अठराच्या आत असलेल्या मुलींबद्दल नाही, थोड्या आधीच्या वर्षांबद्दल बोलतो. हे तिचं तिने सांगितलं, याचं मला आजही समाधान आहे.

काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा. तीही आम्ही कागदावरच पाहिली. दीडशेत 42 थांबल्या, म्हणजे शेकडा 28. एसटीने काहीच फरक पडत नसता, तर साठ जणींच्या गटातही शेकडा 28, म्हणजे 16.8, साधारण 17 थांबल्या असत्या. थांबल्या 24. ही तफावत निव्वळ योगायोगाने पडू शकेल का, एवढंच ही चाचणी विचारते. कार्ल पिअर्सन यांनी ती 1900 मध्ये मांडली. चारही चौकोनांतल्या (दोन्ही गटांतल्या थांबलेल्या आणि न थांबलेल्या) तफावतींचा वर्ग करून, प्रत्येकीला अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली, तर 7.14 येते. असल्या दोन-बाय-दोन कोष्टकाला पाच टक्के पातळीवर 3.84 च्या वर गेलं की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तिने हे हाताने केलं, मग एसपीएसएस उघडलं. तिथेही 7.14 होतं. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा काही समजावण्याची गरज उरली नव्हती.

जे आज फाइल बंद करून बसले आहेत त्यांना माझं सांगणं आहे. चाचण्यांकडे धावू नका. आधी पाच-पन्नास फॉर्म पुन्हा हाताने वाचा. कोणत्या उत्तराला कोणता क्रमांक दिला, याची यादी छापून भिंतीवर लावा. मग प्रत्येक प्रश्नाची साधी वारंवारिता काढा, म्हणजे कोणतं उत्तर किती जणांनी दिलं ते मोजा. अर्ध्या चुका तिथेच सापडतात. उत्तर न देणाऱ्यांना 99 क्रमांक दिला असेल आणि संगणकाला ते सांगितलं नसेल, तर तो त्यांना नव्व्याण्णव वर्षांचे समजून सरासरी वय काढतो. जातप्रवर्गाला एक ते पाच क्रमांक दिले म्हणून त्यांची सरासरी काढायची नसते. चौकोनातली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली, तर काय-वर्गावर विसंबू नका. आणि पैसे देऊन विश्लेषण करून घेऊ नका. त्याने भीती जात नाही, ती व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवसापर्यंत पुढे ढकलली जाते.

प्रगती सादरीकरणात तिला अपेक्षित प्रश्न आलाच : “एसटी नाही म्हणून शिक्षण थांबलं, असं म्हणायचंय का?” ती म्हणाली, “संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. एसटी नसलेल्या गावांत भूमिहीन घरंही जास्त आहेत. म्हणून शेती असलेली आणि नसलेली घरं वेगळी करून पाहिलं. फरक दोन्हीकडे राहतो, पण तिथे संख्या लहान होते. शिवाय एका गावातल्या मुलींची परिस्थिती एकसारखी असते, त्यामुळे दीडशे मुली म्हणजे दीडशे सुटे पुरावे नाहीत. मर्यादांमध्ये तसं लिहिलं आहे.” हे तिने मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

आता ती लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांचा परिणाम एकत्र तपासायची पद्धत, शिकते आहे. त्यासाठी संख्याशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांकडे स्वतःहून गेली आणि पहिल्याच भेटीत “मला हे येत नाही, शिकवाल का?” असं विचारलं.