खाऱ्या हवेतल्या ट्रॉल्या

प्रश्न : आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्या चिऱ्याचं, सासऱ्यांनी 1982 साली बांधलेलं. स्वयंपाकघर 9 बाय 11 फूट, ओटा एल आकाराचा, एक बाजू 9 फूट आणि दुसरी 6. यंदा दुरुस्ती काढली आहे, तर मॉड्युलर किचनही करून घ्यावं असं ठरलं. घाटावरच्या एका शोरूमने 2 लाख 60 हजार सांगितले. इथला सुतार 2,200 रुपये चौरस फुटाने 1 लाख 35 हजारांत करतो म्हणतो, कागदावर 'वॉटरप्रूफ प्लाय' असं लिहून दिलंय. आमची तयारी ओट्यासकट दीड लाखाची. मिस्टर मुंबईला असतात. ते फोनवरून म्हणतात, शोरूमचंच घे, वॉरंटी असते. सासूबाईंचं वेगळंच, ''उभ्यान नारळ खवूक माका जमाचा नाय.'' काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, वॉरंटीपासूनच सुरुवात करते, कारण तिथे माझे हात पोळलेले आहेत. 2009 साली मी रत्नागिरीतल्या माझ्याच घरात हौसेने शोरूमचं किचन बसवलं. लोकांची घरं करून देणारी बाई, तरी रंगाला भुलले. लालभडक मेंब्रेनची, म्हणजे वर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेली दारं आणि आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगला. बोट दाबलं की भुसा. चौथ्या वर्षी बिजागऱ्या गेल्या. बाहेरून चमक तशीच, पण आतल्या वाटीत पांढरी भुकटी, आणि स्क्रू पिळायला गेलं की त्याचं डोकंच हातात यायचं. मग वॉरंटीचा कागद काढला. 'पाणी, आर्द्रता व गंज यांमुळे झालेले नुकसान वगळून.' आमच्याकडे हे तिन्ही वगळलं तर उरतं काय? आंबे.

तेव्हा शोरूमचा विचार सोडा. पण सुताराचा कागदही आहे तसा मान्य करू नका.

त्याचा हिशेब मी मांडून पाहिला. खालची 15 फूट लांबी गुणिले अडीच फूट उंची म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. वर 24 धरलेत, म्हणजे 12 फूट लांब आणि 2 फूट उंच कपाटं. मिळून साडेएकसष्ट, आणि 2,200 ने 1,35,300. हिशेब सरळ आहे, माणूसही सरळ असावा. फक्त तुमच्या घरात खालची खोकी प्लायची करायचीच कशाला?

खाली कडाप्प्याचे उभे, म्हणजे उभ्या फरश्या, लावा. आपल्या आयांच्या ओट्यांना होते तेच. कडाप्प्याला वाळवी लागत नाही, तो फुगत नाही, आणि सिंकचा पाइप रात्रभर ठिबकला तरी सकाळी फडक्याने पुसून मोकळं होता येतं. उभ्यांच्या मधे स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या आणि पुढे दारं, एवढंच. सुताराच्या दरात खोक्याचा प्लाय धरलेला आहे. तो वजा करून दार आणि ट्रॉली यांचा वेगळा दर मागा.

इथे क्रम चुकू देऊ नका. आधी ट्रॉलीवाल्याला बोलवून मापं लिहून घ्या, मग गवंड्याला हात लावू द्या. उलटं झालं की 20 इंचांची ट्रॉली आणि साडेएकोणीस इंचांचा खण, आणि पुढे ग्राइंडर घेऊन दगड तासत बसणं. ते धूळपर्व मी तीन घरांत भोगलंय. दुसरं असं की उभे बसण्याआधी ओट्याखालच्या भिंतीलाही टाइल्स लावून घ्या. 'तिथं कोण बघतंय' म्हणून गवंडी त्या गाळतो. चिरा ओल ओढतो, ती ओल मागून ट्रॉलीत उतरते, आणि जुलैमध्ये डाळीच्या डब्यांखाली हिरवं मखमली काहीतरी उगवतं.

ओट्याची वरची फरशी मात्र कडाप्प्याची नको, ग्रॅनाइटची घ्या. कडाप्पा चुनखडीचा दगड, त्याला आंबट सोसत नाही. कोकमाच्या आगळाची वाटी एकदा कलंडली की पांढरट डाग कायमचा. तुमच्या घरी सोलकढी होत नसेल तर गोष्ट वेगळी, पण देवगडात ते कसं शक्य आहे?

आता स्टील. ट्रॉलीवाला 'एसएस आहे' म्हणेल आणि चुंबक लावून दाखवेल, चिकटत नाही बघा. त्या चुंबकाला भुलू नका. 202 नंबरच्या स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही. फरक निकेलचा आहे. आपल्याला हव्या त्या 304 नंबरच्या स्टीलमध्ये ते 8 टक्क्यांच्या आसपास असतं, 202 मध्ये बरंच कमी. घाटावर 202 चालून जातं, खाऱ्या हवेत मात्र जोडांपाशी, जिथे जाळीच्या तारा डागलेल्या असतात, तिथून तांबूस ठिपके सुरू होतात. स्टीलवाल्यांकडे तपासणीचं द्रावण मिळतं, 202 वर त्याचा थेंब लालसर होतो. ते जमलं नाही तर बिलावर '304' लिहून मागा. जो लिहायला कां-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका. बिजागऱ्या आणि चॅनलही (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) 304 चेच. पैसे कमी पडले तर ट्रॉल्यांची संख्या कमी करा, नंबर उतरवू नका. खरं तर तीन पुरतात : चमचे-पळ्यांची, ताट-वाट्यांची आणि शेगडीजवळ मसाल्याच्या डब्यांची. कोपऱ्यात गरागरा फिरणारी ती महागडी चक्री कुणाच्याही आग्रहाने घेऊ नका. तिथे टोप आणि मोदकपात्र ठेवा, वर्षातून चार वेळा वाकायला हरकत नाही.

सिंकखाली आणि सिलिंडरपुढे बंद दार नको. सिंकखाली हवा खेळायला झडपांचं ॲल्युमिनियमचं दार लावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरचा खण पुढून उघडाच ठेवा. पाहुण्यांना लाल सिलिंडर दिसतो, दिसू दे.

दारांना प्लाय लागेल. 'वॉटरप्रूफ' हा शब्द कुणीही लिहितो. प्रत्येक तुकड्यावर नाही, पण प्रत्येक अख्ख्या शीटवर आयएसआयची खूण आणि 'आयएस 710' हा आकडा छापलेला असतो, तो स्वतः बघा. त्या प्रतीचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. आयएस 303 मधला साधा कमर्शियल प्लाय आपल्याकडे स्वयंपाकघरात नकोच. खुणेखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून पाहता येतो. तुम्ही शिक्षिका, मुलांच्या वह्या तपासता तसं हेही तपासा. वर एक मिलिमीटरचं साधं मॅट लॅमिनेट घ्या. ॲक्रिलिकची चकाकी तेलकट बोटांनी आठवड्यात मळते.

वरच्या कपाटांबद्दल. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लगस्क्रू धरत नाही. आज घट्ट वाटतो, पण बरण्या भरल्या की वर्षभरात कपाट पुढे झुकतं. भिंतीवर लोखंडी पट्टी आडवी टाकून, लांब अँकरने चार-पाच ठिकाणी धरून, तिच्यावर कपाट टांगायचं. पण 12 फूट कपाटं हवीत कुणाला? 6 फूट करा. 12 चौरस फूट कमी म्हणजे 26,400 रुपये वाचले, तेच ग्रॅनाइट आणि 304 कडे वळवा. उरलेल्या भिंतीवर उघड्या फळ्या लावा. बंद कपाटात पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मागच्या दारापाशी 4 बाय 4 फूट जमीन मोकळी सोडा, विळी आणि पाटासाठी. तिथे ब्रेकफास्ट काउंटर काढायची कल्पना कुणी दिली तर त्या माणसाला आधी एक नारळ खवायला बसवा. ओट्याची उंची दोघींना विचारून ठरवा. उभं राहून कोपर वाकवा, त्याच्या चार इंच खाली ओटा. दोघींच्या मापात फरक पडला तर जी जास्त वेळ रांधते तिचं माप. आणि शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर तिची उंचीही धरा, नाहीतर मोठ्या टोपात डाव घालताना खांदा भरून येतो.

काम दिवाळीनंतर काढा. गणपतीच्या आत उरकायच्या घाईत श्रावणातल्या दमट हवेत चिकटवलेलं लॅमिनेट कडेने सुटतं. पैसे तीन हप्त्यांत द्या, शेवटचे दहा हजार पुढच्या दसऱ्याला, म्हणजे एक अख्खा पावसाळा काढल्यावर. हे काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून घ्या. माझा नेहमीचा सुतार पहिल्यांदा रुसला होता. आता दसऱ्याला स्वतःच येतो, बिजागऱ्यांना तेल देतो, चहा पितो आणि पैसे घेऊन जातो.