गोव्यात जुनी सात सीटर गाडी घ्यावी का? घरात सहा माणसं आहेत, खर्च परवडेल का?

तुम्ही नऊ-दहा वर्षं जुनी इनोव्हा किंवा अर्टिगा बघताय. मी २०१३ ची डिझेल इनोव्हा २०१९ मध्ये सेकंडहँड घेतली, अजून तीच चालवतोय. घ्या, बिनधास्त घ्या. फक्त रॅम्पवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आम्ही वास्कोला राहतो, मूळ घर वाळपईकडे. पहिल्याच वर्षी चवथीला निघालो, गाडीत सात माणसं, गणपती पुढे बाबांच्या मांडीवर, कॅरियरवर ताडपत्रीखाली माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्याचं, सामान, नारळ, चिबूड, सुपारीचे घोस, आणि पाऊस असा की फोंडा सोडल्यावर वायपर फुल ठेवूनही समोरचं दिसेना. उसगावच्या पुढे दादाची मुलगी मागून ओरडली, काका, इथे पाणी आलंय! गाडी बाजूला घेऊन कार्पेट उचललं तर मागच्या चाकाच्या वरचा पत्रा गंजून चाळण झालेला, बोट आरपार जात होतं. आधीच्या मालकाने गाडी किनाऱ्याजवळ सहा वर्षं उघड्यावर ठेवलेली आणि विकताना गंज न काढता वरून काळं अंडरकोटिंग मारलेलं. खाऱ्या हवेत पत्रा आतून जातो, वरून पॉलिश केलेली गाडी नवीकोरी दिसते. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून रंगासकट अठरा हजार गेले.

घरी पोचल्यावर माटोळी बांधता बांधता दादाने सगळ्यांसमोर ऐकवलं, मी आधीच सांगितलं होतं, भंगार घेतलंस, दोन छोट्या गाड्या ठेव नाहीतर चवथीला टॅक्सी कर. ते मला आजही पटत नाही. दोन गाड्या म्हणजे दोन इन्शुरन्स, दोन ड्रायव्हर, आई एकीत आणि पोरं दुसरीत. आमच्याकडे तीन नातवंडं आईकडून आरत्या शिकली ती याच गाडीत, वास्को ते वाळपई, दरवर्षी. बाबांना रात्री दोन वाजता बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं लागलं तेव्हा सीट मागे पाडून झोपवूनच नेलं, आम्ही चौघं सोबत. त्या रात्री कुठली टॅक्सी शोधणार होतो?

आता तुमचं. माझा सर्व्हिस, इन्शुरन्स धरून वर्षाला चाळीसेक हजार खर्च होतो, टायर किंवा क्लच निघाला की जास्त. ॲव्हरेज गावात दहा, हायवेला बारा. माझ्यासारखी, क्रिस्टाच्या आधीची डिझेल इनोव्हा घेणार असाल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका, तुटला तर इंजिनचं काम निघतं. आरसी नीट वाचा, इथे रेंट-अ-कॅबच्या, म्हणजे पर्यटकांना चालवायला भाड्याने द्यायच्या, काळ्या प्लेटवरून प्रायव्हेट करून विकलेल्या गाड्या असतात, त्या किती हातांतून गेल्यात देव जाणे. मागच्या एसीचा ब्लोअर चालू करून स्वतः तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसा.

घरात म्हातारं माणूस असेल तर एक गोष्ट, इनोव्हा उंच आहे. आईचे गुडघे दुखतात, मी डिकीत लाकडी पाट ठेवलाय, चढताना खाली घालतो. पाट नको असेल तर अर्टिगा बरी, ती बुटकी आहे. सगळ्या सीट भरल्या की दोन्हींत सामानाला जागा उरत नाही, कॅरियर लागतोच. आणि पावसाळ्यात गाडी आठ दिवस बंद ठेवली की सीटवर बुरशी येते, मधून काचा उघडून एसी फिरवायचा.

हां, पंधरा वर्षं भरली की फिटनेस करून परत पासिंग करावं लागतं, दहा वर्षं जुनी घेतलीत तर तुमच्या हातात पाचच उरतात, ते किंमत ठरवताना धरा. माझी २०२८ ला भरतात. मी पासिंग करून घेणार, दादाला सांगून ठेवलंय.