लॅपटॉप मुका झाला

प्रश्न: दादा, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) टाकलं, बाकी सगळं चालतंय पण आवाजच नाही, पोरीचा ऑनलाइन क्लास अडलाय. – एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, घाबरू नका, स्पीकर बहुतेक शाबूत असेल. आधी सेटिंग्जमध्ये साउंड उघडून आउटपुट बघा, पुष्कळदा तिथे एचडीएमआय (टीव्ही जोडायची वायर) निवडलेलं असतं आणि आवाज न जोडलेल्या टीव्हीकडेच जात राहतो. तसं नसेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम चालवा, एफ-६ दाबून साउंड कार्ड निवडा, मास्टर किंवा स्पीकरच्या पट्टीखाली एमएम दिसलं म्हणजे ते म्यूट आहे, बाणाने तिथे जाऊन एम दाबा की ओओ होतं, म्हणजे म्यूट निघालं. भुसावळच्या मावसभावाचं नेमकं हेच झालेलं, बिचारा नवे स्पीकर आणायला निघाला होता! हेडफोनच्या भोकात कापसाचा कचरा अडकला तरी लॅपटॉपला हेडफोन लावलाय असं वाटतं, तेही बघा.